उजवीकडून उघडणारा गाउन

४ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,

कोपरापासून नमस्कार. तू फोन उचलत नाहीस. उचललास तर ‘वॉर्डात आहे, नंतर बोलू’ म्हणतेस, आणि ते नंतर काही उगवत नाही. म्हणून हे पत्र. तू नर्सिंगला गेलीस तेव्हा आपण लिहायचो तसं. निदान पत्राला मध्येच ‘ठेवते गं’ म्हणता येत नाही.

माझं कसं चाललंय म्हणशील, तर धंदा चालत नाही, मीच नुसती चालतेय, या खोलीतून त्या खोलीत. फॅक्टरीतली सॅम्पल टेलरची नोकरी सोडून घरी सुती गाउन शिवायला आणि ऑनलाइन विकायला लागले, त्याला वर्ष होत आलं. शिवण्यात मी कोणाला हार जाणार नाही, तुला माहीत आहे. पण मोबाइलवर शिवण दिसत नाही गं. ‘सुती गाउन’ एवढं टाइप करून बघ. पूर आल्यासारखे गाउन येतात. सगळ्यांवर तीच फुलं, सगळ्या बायका त्याच खिडकीपाशी उभ्या राहून त्याच कपातून कॉफी पिताहेत. त्यात माझा गाउन म्हणजे गर्दीत हात सुटलेलं पोर.

सगळ्यात पुढे एक आहे. तिच्या प्रत्येक फोटोत मागे गुलाबी पडदा असतो, म्हणून मी आणि आई तिला ‘गुलाबी पडदेवाली’ म्हणतो. मी खिसा लावला की आठवड्याभरात तिच्याही गाउनला खिसा. मी किंमत उतरवली की तिची त्याहून खाली. मी दुकानाचं नाव बदललं, पुन्हा बदललं. पार्सलमध्ये वासाची पुडी घालून पाहिली, तर एका बाईने लिहिलं, गाउन छान आहे पण शिंका येतात. आई म्हणते, ‘भिंगरी, एका जागी बस, म्हणजे काहीतरी सुचेल.’ बसले की बॉबिन रंगाप्रमाणे लावते, आणि लावून झाल्या की उलट क्रमाने लावते.

तू रोज गाउनमधल्या बायका बघतेस. सांग ना, असं काय करू की बाकीचे सगळे गाउन सोडून बाई माझ्यापाशी थांबेल?

तुझी
भिंगरी

ता.क. आईचं ब्लडप्रेशर ठीक आहे. तू कधी येणार म्हणून रोज विचारते.


२० फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद आणि एक टपली.

उत्तराला उशीर झाला. अक्षर कोंबडीचे पाय झालंय तिकडे बघू नकोस, बसमध्ये लिहिते आहे.

तुझा प्रश्न वाचून हसू आलं. इथल्या बायका गाउन निवडत नाहीत, मिळेल तो घालतात. पण विचारलंस म्हणून एकीचं सांगते. आमच्याच वॉर्डात आहे. उजव्या बाजूचा स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. ऑपरेशन चांगलं झालं, पण उजवा हात सध्या वर जात नाही. परवा तिने स्वतःचा गाउन घालायला घेतला. डोक्यातून घातला, डावा हात गेला, उजवा अडकला. मग तो वरही जाईना, खालीही येईना. बाथरूमला आतून कडी. तशीच उभी होती ती, तोंडावर कापड, डोळ्यांपुढे ती तुझी फुलं. हाक मारली असती तर कोणीही धावलं असतं. मारली नाही. शेवटी डाव्या हाताने शिवण टराटरा फाडून बाहेर आली. रडली, पण दुखण्याने नाही, रागाने.

आणखी एक. जखमेतलं पाणी काढायला नळी असते, तिच्या टोकाला लहान बाटली. ती ठेवायला कुठल्याच कपड्यात जागा नसते. आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी नाडीने गळ्यात अडकवतो. मग समोरचा माणूस बोलताना चेहऱ्याऐवजी पिशवीकडे बघतो.

बाई थांबेल असं काय करू म्हणतेस. ही थांबेल. बाकी धंद्यातलं मला कळत नाही.

आईला सांग, सुट्टी मिळत नाही.

ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

तू बहीण नाहीस, खाण आहेस.

पत्र वाचलं आणि तशीच कात्री घेतली. जुनी चादर कापून नमुना केला. उजवा हात पट्ट्याने कमरेला बांधून घेतला आणि दिवसभर एका हाताने गाउन घालून बघितले. आई म्हणाली, ‘हे आधीच सुचायला हवं होतं, हिला बांधूनच ठेवायला पाहिजे.’ शेवटी असं ठरलं की गळ्यापासून बाहीच्या टोकापर्यंत उजवा खांदा सगळा उघडा आणि त्याला टिचबटणं. गाउन खालून पायात घालून वर ओढायचा, हात नुसता बाहीत ठेवायचा आणि बटणं दाबत जायचं. हात वर करायचं कामच नाही.

आता मला तुझी ती पेशंट पाहिजे. पहिलं म्हणजे तिची मापं. पहिला गाउन तिलाच, माझ्याकडून भेट. दुसरं, एक फोटो. चेहरा नको, पाठमोरी चालेल. अगं, खरी पेशंट म्हटल्यावर लोक थांबतात. गुलाबी पडदेवाली कुठून आणणार खरी पेशंट? आणि तिची सगळी गोष्ट काढून घे. घरचे येतात का, झोपते कशी, आरशात बघते का. तुला सांगेल ती, तुझ्याशी सगळे बोलतात.

किती दिवसांनी मला असं सकाळी उठावंसं वाटलं म्हणून सांगू.

अक्षर फारच बिघडलंय तुझं. नाइट ड्यूटी आहे का? झोपत जा.

भिंगरी


८ मार्च

भिंगरी,

मापं सोबत आहेत. फोटो मिळणार नाही. विचारलं, नाही म्हणाली.

काखेत शिवण नको. तिथली कातडी टॉवेलनेसुद्धा सोलवटते. बाटलीचा खिसा आतून कर. कापड गडद घे, डाग पडला की लगेच उठून बदलावं लागू नये.

गोष्टीचं म्हणशील तर तिला गोष्ट नाही. आता घरी सोडलंय. सकाळी उठते, भिंतीसमोर उभी राहते, उजव्या हाताची बोटं भिंतीवर चालवत वर नेते. जिथवर पोचतात तिथे पेन्सिलने रेघ मारते. आजची रेघ कालच्यापेक्षा खाली राहिली तर दिवसभर कोणाशी बोलत नाही. आरशाचं मी विचारणार नाही. तूही कोणाला विचारू नकोस.

ताई


१८ मार्च

ताई,

चाललं. अखेर चाललं. फोटो नाही तर नाही, मी गोष्टच लिहून टाकली. ‘एका नर्सने सांगितलेली एका एकाकी स्त्रीची कहाणी.’ थोडं तिखटमीठ लावलं, रागावू नकोस. तिला जगात कोणी नाही, ती आरशाकडे पाठ करून उभी राहते, भिंतीवरच्या रेघा हेच तिचे सोबती, वगैरे. शेवटी, ‘या अभागी जीवासाठी मी हा गाउन शिवला.’ लोकांनी वाचून एकमेकांना पाठवलं, त्यांनी आणखी कोणाला. वर्षभरात आल्या नाहीत एवढ्या ऑर्डरी आठवड्यात आल्या. गुलाबी पडदेवाली गप्प आहे. एका वेबसाइटवरून एका मुलीचा फोन आला, तिला त्या पेशंटशी बोलायचं आहे. तू एकदा तिला विचारून

काल इथपर्यंत लिहून उठले. आज पुढे लिहिते.

उठले होते तुझ्या पेशंटच्या गाउनवर शेवटची इस्त्री फिरवायला. फिरवली आणि गाउन पुतळ्यावर चढवला. मापाप्रमाणे उजवा खांदा जरा उतरता घेतला होता, पाठ आखूड, बाह्या लांब. आई चहा घेऊन आली. कप मशीनवर ठेवला, गाउनकडे बघितलं आणि म्हणाली, ‘ताईला शिवलास? चांगलं केलंस. तिचा तो खांदा तयार कपड्यात कधी बसत नाही.’

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. आई गेली आणि मी पुतळ्यासमोर उभी राहिले. त्याला डोकं नाही, हात नाहीत, तरी तूच उभी होतीस. तू कॉलेजला जायला लागलीस तेव्हापासून तुझे कपडे मी शिवतेय. दुकानातला ब्लाउज तुला झालाय असं कधी झालं नाही. ती मापं कागदावर आली आणि मी नुसते आकडे कापले.

ताई, ती वॉर्डातली बाई कोण आहे?


२४ मार्च

भिंगरी,

मी आहे.

डिसेंबरात अंघोळ करताना हाताला गाठ लागली. इतक्या बायकांना ‘घाबरू नका, आधी तपासू या’ म्हणत आले, ते स्वतःला म्हणायला मला महिना लागला. तू पहिलं पत्र टाकलंस त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. माझ्याच वॉर्डात, रोज ज्यांच्या चादरी बदलते त्यातल्याच एका खाटेवर. वेळेवर सापडलं असं डॉक्टर म्हणतात, आणि मी त्यांना ओळखते, ते उगीच म्हणणाऱ्यातले नाहीत. आता औषधाच्या फेऱ्या सुरू झाल्यात. त्यात केस जातील.

का नाही सांगितलं? आईचं ब्लडप्रेशर आहे. तू नोकरी सोडून बसली आहेस. ही दोन्ही कारणं मी स्वतःला रोज सांगत होते आणि दोन्ही खरी नाहीत. आपल्याकडे कोणाला काही झालं की मला बोलावतात. मलाच झालं तर कोणाला बोलवायचं, ते मला माहीत नव्हतं. फोनवर आवाज लपत नाही. पत्रात दुसऱ्या कोणाचं म्हणून तरी सांगता आलं.

आता तुझ्या कहाणीबद्दल. आमच्या लॅबमधली एक मैत्रीण अधूनमधून डबा घेऊन येते. तिने परवा जेवताना मोबाइलवरून वाचून दाखवली. ‘ऐक गं, किती वाईट.’ तिला कळलं नाही ती कोणाचं वाचते आहे. ऐकता ऐकता मलाही क्षणभर वाटलं, कोण बिचारी. मग ताट बाजूला सारलं.

मी आरशाकडे पाठ करत नाही, भिंगरी. रोज बघते, ड्रेसिंग मीच करत होते. रेघा माझ्या सोबती नाहीत, रेघा आहेत. मी अभागी जीव नाही. मला फक्त गाउन घालता येत नव्हता.

आईला सांगू नकोस. इकडे येऊ नकोस. गाउन पोस्टाने पाठव.

ताई


२७ मार्च

ताई,

लिहिलेलं सगळं काढून टाकलं. त्या वेबसाइटवालीला नाही म्हणून कळवलं.

आईला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, गॅस बंद केला आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टुलावर चढली. मी म्हटलं, ‘अगं, तिने येऊ नका म्हणून लिहिलंय.’ आई वरूनच म्हणाली, ‘तुला लिहिलंय. मला कुठे लिहिलंय?’

गाउन पोस्टाने पाठवत नाही, घेऊन येतोय. हे पत्र आमच्या आधी पोचलं तर दार उघड. नंतर पोचलं तर वाचायच्या भानगडीत पडू नकोस.

भिंगरी


१२ मे

ताई,

सुखरूप पोचले. आई तुझ्याकडे राहिली हे बरंच झालं, पण घर कसं खायला उठतं. माझी बडबड ऐकून कंटाळायलाही कोणी नाही.

मशीनवर बसले की तुझ्याकडचा पहिला दिवस आठवतो. मी केवढ्या ऐटीत गाउन पुढे केला, आणि तुला डाव्या हाताने एक टिचबटण लागेना. माझे दोन्ही हात धडधाकट, एक बांधून घेतला म्हणून काय झालं, बोटांत जोर होताच. मी रडायला लागले तर तू म्हणालीस, ‘रडायचं असेल तर बाहेर जा. नाहीतर पक्कड आण.’ मग तू लावून बघायचीस, मी पक्कडीने सैल करायची, आई मध्ये बसून ‘अजून घट्ट आहे’ म्हणायची. आता मी तसलीच सैल बटणं शोधून आणली आहेत.

बाकी इकडचं सांगायला नको असं आहे. कहाणी काढल्यापासून ऑर्डरी आटल्या. आणि गुलाबी पडदेवालीने आपल्यासारखाच गाउन विकायला आणला, हुबेहूब. उजवा खांदा उघडा, आतून खिसा, काख मोकळी, आणि माझ्यापेक्षा स्वस्त. वर माझीच कहाणी, थोडी बदलून. तिच्या कहाणीत तुला दोन मुलं आहेत.

मी दिवसभर येरझाऱ्या घालते. दुकानाच्या ऑनलाइन पानावर काय लिहू? दोन शब्द लिहिले की वाटतं, तुलाच विकायला बसले आहे. न लिहावं तर गाउन पुन्हा त्या पुरात. झेपत नसेल तर सोडून दे आणि फॅक्टरीत परत जा, असं तू म्हणालीस तर जाईन.

भिंगरी


२० मे

भिंगरी,

माझी दोन मुलं कशी आहेत ते विचार तिला.

फॅक्टरीचं नाव काढू नकोस. मला राग आला तो तू खोटं लिहिलंस याचा, गाउन विकलास याचा नाही. दया काढ, बटणं ठेव. ऑपरेशन होऊन घरी आलेली बाई दुसऱ्याची कहाणी वाचायला येत नाही, तिची तिला पुरते. तिला काय विचारायचं असतं ते मी सांगते. एका हाताने लागेल का? नळी बाहेरून दिसेल का? दारात कोणी आलं तर याच कपड्यात दार उघडता येईल का? धुतल्यावर बटणं गंजतील का? याची उत्तरं लिही. जिथे ‘नाही’ असेल तिथे ‘नाही’ लिही.

आणि सगळ्यात वर एक प्रश्न घाल, कोणती बाजू? तू माझ्या मापाने उजवा खांदा उघडलास, तिने फोटो बघून सगळे उजवे केले. का ते तिला ठाऊकच नाही. कितीतरी जणींची डावी असते.

केस गेले. मला वाटलं त्यापेक्षा जड गेलं ते. आई डोक्यावरून हात फिरवून म्हणते, ‘जन्मलीस तेव्हा अशीच होतीस, आणि तेव्हाही अशीच चिडलेली.’

ताई


१४ जुलै

ताई,

तू सांगितलंस तसं पान केलं. वर प्रश्न, खाली उत्तरं. फोटोत गाउन टेबलावर पसरलेला आणि एक हात, माझाच, बटण लावताना. बास. पहिले काही दिवस चिटपाखरू फिरकलं नाही. मी खोलीभर फिरत होते, शेवटी शेजारीण वर येऊन विचारून गेली, काही हरवलंय का.

मग हळूहळू यायला लागलं. ‘डावी.’ ‘डावी, आणि खांदा ताठ आहे.’ एका मुलाने वडिलांसाठी विचारलं, त्यांचा अर्धांगाने हात गेलाय, शर्ट करून द्याल का. करून दिला. एकीने ‘कोणती बाजू’ पुढे लिहिलं, ‘दोन्ही’. एवढंच. त्या दिवशी मी दुसरं काही शिवलं नाही. दोन्ही खांदे उघडले, दोन खिसे आतून, आणि किती वेळा स्वतः घालून बघितलं ते माझं मला माहीत.

आता मुद्द्याचं. परवा एक फोन आला. ‘मी पण गाउनच विकते,’ म्हणाली. मी ओळखलं. इतके दिवस मी तिला गुलाबी पडद्यापुढे कॉफी पीत बसवलं होतं. आवाज दमलेला होता, मागे मशीन चालू, कोणीतरी खोकत होतं.

‘माझे गाउन परत येताहेत,’ म्हणाली. ‘तुमचे येत नाहीत का?’

तुझी दोन मुलं जिभेच्या टोकावर आली होती. पण म्हटलं, ‘तुमचे सगळे उजवीकडून उघडतात.’

‘हो. मग?’

‘काही बायकांचं ऑपरेशन डावीकडे झालेलं असतं.’

तिने मागे कोणाला तरी मशीन थांबवायला सांगितलं. मशीन थांबली. ‘हे माझ्या डोक्यातच आलं नाही,’ म्हणाली. मग म्हणाली, ‘ती कहाणी तुमची होती. मी काढून टाकते.’ आणि फोन ठेवला.

ताई, हातात एकच पत्ता होता तो मी उघडा करून बसले. आता तीही विचारेल, कोणती बाजू. मग माझ्यात वेगळं काय उरलं? तेव्हापासून जिवाला चैन नाही. वेडेपणा केला का मी?

भिंगरी


९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

केलास. असाच करत जा.

औषधाच्या फेऱ्या संपल्या, आणि सोमवारपासून मी ड्यूटीवर आहे, सध्या अर्धा दिवस. डोक्यावर खुरटे केस आलेत. आई येत्या आठवड्यात तिकडे परत येते आहे, तिला मी आता फार हुकूम सोडते म्हणे.

वेगळं काय उरलं ते मला धंद्याच्या भाषेत सांगता येणार नाही. कालचं सांगते.

एक बाई भरती झाली आहे, आज सकाळी तिचं ऑपरेशन. काल दुपारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. जेवण तसंच, नवरा बिचारा दाराशी उभा. नवी सिस्टर म्हणाली, ही कोणाशी बोलत नाही. मी गेले, तिच्याशी बोललेच नाही. कपाटातून माझा गाउन आणला आणि तिच्या खाटेशेजारी युनिफॉर्मवरूनच घालायला लागले, एका हाताने. पायातून वर, बाही, बटण, बटण. ती वळून बघायला लागली. म्हणाली, ‘तुम्हाला एवढं पटकन कसं येतं?’

‘माझी उजवी,’ मी म्हटलं.

आजवर कुठल्या पेशंटला हे सांगितलं नव्हतं. ती पुरती माझ्या बाजूला वळली. मग हळूच म्हणाली, ‘दाखवाल?’

मी नवऱ्याला बाहेर पाठवलं, पडदा ओढला आणि दाखवलं. तिने घाई केली नाही, मीही केली नाही. शेवटी म्हणाली, ‘याहून वाईट असेल असं वाटलं होतं.’ आणि उठून बसली. गाउन तिला घालून बघायचा होता. तिने घातला, चुकीच्या बाहीत हात घातला, आम्ही दोघी हसलो. नवरा पडद्याबाहेरून ‘काय झालं, काय झालं’ विचारतोय.

तिची डावी. माप लगेच घ्या म्हणाली. मी टेप घेऊन पुढे झाले तर तिने दोन्ही हात सरळ डोक्यावर नेले, पार ताणून, टाचा उचलून. म्हटलं, एवढ्या वर कशाला, मापाला नुसते बाजूला धरले तरी पुरतात. म्हणाली, ‘असू देत. उद्यापासून काही दिवस जमणार नाही ना, आज घ्या.’ माप घेऊन झालं तरी ती हात खाली घेईना, आणि मीही टेप गुंडाळायची थांबले.

मापं सोबत आहेत. सावकाश शिव, नीट शिव.

तुझी
ताई